चाकापुढची चप्पल

एक लिंबू. पातळ सालीचं, पिवळंधमक. गाडीच्या पुढच्या चाकाखाली ठेवायचं आणि गाडी हातभर पुढं घ्यायची. फचकन आवाज आला की नजर उतरली.

*

टेम्पोच्या पाठीवर निळ्या रंगात: ‘गाडी तुमच्या दारात धुऊन मिळेल. ट्रक, बस, टँकर. आतून-बाहेरून.’ खाली नसरीनचा मोबाइल नंबर.

*

दुधाच्या टँकरला दोन कातडी असतात. आतलं स्टीलचं, बाहेरचं पत्र्याचं, आणि मधे चार बोटं फोम. उन्हानं दूध नासू नये म्हणून.

*

शिरोळच्या दूध शीतकरण केंद्राच्या फाटकावर पाटी: ‘सील केलेले झाकण कोणीही उघडू नये.’

*

उजव्या पायाची चप्पल. अंगठा तुटलेला, तांब्याच्या तारेनं आवळून बसवलेला.

*

“चाकाम्होरं आन् उंबऱ्यात चप्पल ठेवू न्हाय,” असं धोंडुबाई सांगायच्या. त्यांना त्यांच्या आईनं सांगितलं होतं. का, ते तिनंही विचारलं नव्हतं.

*

आता ह्या सगळ्याची गाठ एका टँकरपाशी कशी पडली, ते ऐका.

अझीम आणि त्याचा थोरला चुलतभाऊ मौला यांचा धंदा गाड्या धुवायचा. दुकान नाही, रॅम्प नाही. एक टेम्पो, त्यावर दोन हजार लिटरची काळी टाकी, प्रेशरचा पंप, जनरेटर आणि पाइपाची वेटोळी. जिथं गाड्या उभ्या, तिथं हे हजर. कुणाला नंबर लावायला नको, डिझेल जाळत धुवायला न्यायला नको. फोन नसरीन घ्यायची, म्हणजे अझीमची बायको. सकाळी कुणाच्या अड्ड्यावर जायचं, दुपारी कुठं, हे सगळं तिच्या डोक्यात. बाहेरून धुणारे कोल्हापुरात आता बरेच झालेत. दुधाच्या टँकरच्या आत उतरून घासणारे हे दोघंच, म्हणून बोलावणं त्यांनाच.

मौलाचे वडील साखर कारखान्यात मळीच्या टाक्या साफ करायचे. त्यांनी दोन नेम घालून दिले होते. पहिला, एकट्यानं उतरायचं नाही. एक आत, एक वर. दुसरा चपलेचा. ते टाकीच्या तोंडाशी चप्पल काढून ठेवायचे. पोरांनी धंदा चाकावर आणला, तशी चप्पलही चाकापाशी आली. आत उतरणाऱ्यानं चप्पल काढून उजव्या पुढच्या चाकापुढं ठेवायची, टाचा टायरला टेकवून. ती दिसली की ड्रायव्हरनं किल्लीला हात लावायचा नाही. पाटी वाचायला कुणाला सवड नसते. चप्पल डोळ्यांत खुपते. जिल्ह्यातल्या अर्ध्या ड्रायव्हरांना हा नेम पाठ झाला होता. चप्पल हाय, माणूस हाय. चप्पल न्हाय, माणूस न्हाय.

नेम एवढा पाठ झाला, तिथंच घात झाला.

*

खंडेनवमी. उचगावला टँकरमालक उदयसिंहांच्या अड्ड्यावर चार टँकर. स्पीकरवर देवीची गाणी. चारही गाड्या बाहेरून धुऊन लखलखीत झाल्या, तोवर टेम्पोतलं पाणी संपलं. मौला टेम्पो घेऊन भरायला गेला. सणाचा दिवस, बोअरवर रांग.

पहिल्या टँकरचा ड्रायव्हर कृष्णात घायकुतीला आलेला.

“अझीम, साडेदहाला निघतोय म्हणून शिरोळला सांगितलंय बघ मी. म्हातारी पूजेचं ताट घिऊन रिक्षात बसली बी. आतलं तेवढं उरक की लेका.”

“मौलाभाई यिऊ दे. अर्ध्या तासात येतोय.”

“अर्ध्या तासात तुझं घासून, निथळून बी हुतंय. मी हाय की हितं. म्या काय दुबईला चाललोय व्हय?”

अझीम हसला. मोबाइलवर एक फोन केला. मग चप्पल काढली, चाकापुढं ठेवली, डाव्या चपलेत मोबाइल ठेवला, डोक्याला लाल रुमाल बांधला, त्यावर दिवा अडकवला आणि बादली-घासणी घेऊन शिडी चढला.

*

आत

वरच्या झाकणातून माणूस खांदे तिरके करून उतरतो. आत मधोमध एक आडवा पत्रा असतो, दूध हिंदकळू नये म्हणून. त्याच्या खालच्या भोकातून पोटावर सरपटत मागच्या कप्प्यात जायचं. तिथं दुधाचा पिवळा थर बसतो, नखानं निघत नाही असा. आणि तिथंच तळाला मागच्या कॉकचं तोंड. धुतल्यावर कॉक उघडाच ठेवायचा, पाणी निथळायला. केंद्रावर तपासणी झाली की तेच लोक बंद करतात.

वर छताला भोकाभोकांचा एक स्टीलचा गोळा लोंबतो, पेरूएवढा. केंद्रावर टँकर लागला की बाहेरून नळी जोडतात आणि त्या गोळ्यातून ऐंशी डिग्रीचं पाणी चहूकडं फवारतं. दहा मिनिटं. झाकण न उघडता. मगच दूध भरायचं.

त्या दिवशी अझीमनं आधी गोळ्याची भोकं टाचणीनं मोकळी केली. एकूण एक. हात सवयीनं चालत होते. मग तो मागच्या कप्प्यात सरपटला आणि पाठमोरा होऊन घासू लागला.

काही वेळानं पत्र्याच्या भोकातून येणारा उजेड गेला.

त्याला वाटलं, ढग आला असेल.

*

बाहेर

बाहेर काय झालं ते अझीमला मागाहून कळलं. तुम्ही आत्ताच ऐका.

कृष्णात नारळ आणायला कोपऱ्यावर गेला. तेवढ्यात रिक्षातून त्याची आई उतरली. धोंडुबाईंनी गाडीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि चाकाशी वाकल्या, तो समोर चप्पल.

“अगं बया! सणासुदीचं चाकाम्होरं चप्पल कुणी सोडलं ह्ये?”

कुणी उत्तर द्यायला नव्हतंच. त्यांनी ती उचलली. फेकली नाही, पायानं सारली नाही. दोन्ही हातांनी नेऊन भिंतीच्या सावलीत शेजारी-शेजारी ठेवली, मोबाइल पडू नये म्हणून आत नीट सरकवला. तारेनं बांधलेला अंगठा पाहून त्या थबकल्या. कुणा राबणाऱ्याची आहे. खंडेनवमीला हत्यारं पुजतात; भिंतीशी ठेवलेल्या घासण्यांना, पाइपाला त्यांनी हळद-कुंकू लावलं, आणि जाता जाता एकेक बोट चपलांनाही.

कृष्णात आला. चाकापुढं बघितलं. चप्पल न्हाय. म्हणजे माणूस न्हाय. वर चढला, झाकण लावलं, चारी नट आवळले, सीलची तार पिळली. भिंतीकडं बघायचं त्याला काही कारण नव्हतं.

मग लिंबू.

*

टँकर हातभर पुढं सरकला आणि थांबला. अझीम आतमध्ये गुडघ्यांवर आपटला.

“ओ कृष्णातदा! आत हाय मी!”

आवाज स्टीलला लागला आणि सगळीकडून त्याच्याकडंच परत आला. तो भोकातून पुढं सरपटला. दिव्याच्या उजेडात वर पाहिलं. झाकणाच्या जागी झाकण होतं.

त्याला हसू आलं. खरोखर आलं. पूजा चाललीय, लिंबू चिरडलं, आता नारळ फुटेल, मग कृष्णात चाकाकडं बघेल. चप्पल तर आहे ना. चप्पल असताना गाडी हलली कशी, हा प्रश्न त्याच्या मनात अजून आला नव्हता.

इंजिन बंद झालं नाही. गिअर पडला.

*

पुलावर

टायर पुलाच्या सांध्यांवरून गेले की धाड-धाड असा दुहेरी ठोका येतो. पंचगंगा. म्हणजे हायवे लागला, तावडे हॉटेल मागं गेलं. रोज टेम्पोतून ज्या रस्त्यानं तो डोळे मिटून जायचा, तोच रस्ता आता त्याला पाठीच्या मणक्यानं ओळखावा लागत होता.

त्यानं बादली स्टीलवर आपटली. घासणीचा दांडा आपटला. मूठ, कोपर, टाच. चार बोटं फोमनं सगळं गिळलं. पुढं केबिनमध्ये कृष्णातनं गाणं लावलं होतं, आणि त्याचा थडथडाट अझीमच्या तळव्यांना कळत होता.

गुदमरून मरणार नव्हता तो. मागच्या कॉकमधून वारा येत होता, एक रुपयाच्या नाण्याएवढा उजेडही.

उचगाव ते शिरोळ, सणाची गर्दी धरून दीड तास. मग नळी. मग गोळा.

दीड तास पुष्कळ झाला. मौला तोवर परत आलेला असेल. चप्पल बघेल, टँकर बघायला जाईल, टँकर नसेल. मग नसरीनला फोन, नसरीनचा कृष्णातला. दोन मिनिटांचं काम. मौला काय साधा आहे? बापानं आखून दिलेला माणूस.

मौला बघेलच.

फोनवरचं एक वाक्य मधेच त्याच्या डोक्यात शिरू पाहत होतं. त्यानं ते मागं ढकललं आणि पुन्हा बादली आपटली.

*

उजवीकडं वळण. शिरोली फाटा.

*

हेर्ले

मागच्या कॉकच्या पाइपाला तोंड लावून तो ओरडला. पाइप एवढा अरुंद, की तोंड लावलं तर कान मोकळा राहत नाही आणि कान लावला तर तोंड. मधे कॉकची चकती. हात घातला तर मनगटाशी अडकतो. ओरडायचं, मग ऐकायचं. ओरडायचं, मग ऐकायचं.

“थांबवाऽऽ!”

कान. ट्रक. वारा. हॉर्न.

“आत माणूस हाय होऽऽ!”

कान. हॉर्न. लांब कुठंतरी हलगी.

घसा बसला. शेवटी डोक्यावरचा लाल रुमाल त्यानं पीळ देऊन चकतीच्या कडेनं बाहेर सारला. टोक स्वतःच्या मुठीत धरलं. बाहेर वाऱ्यानं रुमाल फडफडायला लागला, त्याचा ताण मुठीत लागत होता. मोठा मासा गळाला लागल्यासारखा. कुणीतरी बघेल. दुधाच्या टँकरच्या बुडातून लाल फडकं, कुणालाही खटकेल.

*

त्या दिवशी रस्त्यावर काय काय होतं, ते अझीमला दिसत नव्हतं. ट्रॅक्टरला केळीचे खुंट बांधले होते. रिक्षांना फुगे. ट्रकांच्या मागं रंगीत पताका, साड्यांचे काठ, जरीचे तुकडे, झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे. शाळेच्या बसला कुणीतरी मुंडावळ्या बांधल्या होत्या.

एका लाल फडक्याचं काय.

*

हातकणंगले

गाडी थांबली. गर्दी असावी. अझीमनं कान लावला.

मोटरसायकल शेजारून पुढं गेली. मग एक मोठा, रोखठोक आवाज:

“ओ पावणं! मागं फडकं लोंबतंय तुमच्या!”

रुमाल अझीमनं तीनदा आत ओढला, तीनदा सोडला.

“आसू दे की!” हा कृष्णात. गाणं बारीक करून, हसत. “खंडेनवमी हाय! गाडी बी नटणार का न्हाय?”

“नटू दे, नटू दे! पण शेपूट काय लावलासा?”

“नजर लागू न्हाय म्हून!”

दोघंही खदाखदा हसले. अझीमनं कान काढून तोंड लावलं, छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात गाडी हलली. त्याचे पुढचे दात पाइपावर आपटले. तोंडात रक्ताची चव आली.

कान की तोंड. त्यानं चुकीचं निवडलं होतं.

*

मौला नावाचा माणूस, अझीमच्या डोक्यात:

टेम्पो लावतो. उतरतो. चाकाकडं बघतो.

टेम्पो लावतो. उतरतो. चाक नाहीच, टँकर नाही. रिकामी ओली जागा. तिथं चप्पल.

टेम्पो लावतो. उतरतो. चप्पल नाही.

इथं अझीम थांबला. चप्पल होती म्हणूनच तर तो आत होता. आणि चप्पल होती तर गाडी निघालीच नसती. गाडी निघाली आहे. म्हणजे चप्पल नाही. म्हणजे बाहेर, जगाच्या हिशेबानं, आत माणूस नाही.

पायांखालून स्टील धावत होतं आणि आपण आहोत असं सांगणारी एकही वस्तू बाहेर शिल्लक नव्हती. रुमाल सोडून.

*

जयसिंगपूर. गतिरोधक, गतिरोधक, गतिरोधक. मग उजवीकडं.

*

शिरोळच्या अलीकडं

माणूस उगीच बसून मरत नाही. अझीमनं सदरा काढला, पुढच्या कप्प्यात सरपटला, टाचा उंचावून गोळ्याभोवती सदरा गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली. ह्याचा उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो गोळा रोज त्याच्याच हातात असतो. त्यातलं पाणी दुधाचा दगड झालेला थर फोडतं. सुताची गाठ काय टिकणार? वर आज भोकं अशी मोकळी, की एक कोपरा सुटायचा नाही. चोख काम केलं होतं त्यानं.

मग तो मागच्या कप्प्यात आला, तळाशी अंग चोरून बसला आणि रुमालाचं टोक तळहाताला दोन वेढे देऊन बांधलं.

दिवा मंद झाला होता. नाण्याएवढा उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला, मग निळसर. पत्र्याच्या छपराखाली गाडी शिरली. इंजिन बंद.

शांतता. दीड तासातली पहिली. तो ओरडला. घशातून नुसता वारा आला.

*

केंद्रावर

वर, छतापाशी, धातूला धातू घासल्याचा आवाज. ज्ञानू असणार, नळी जोडणारा. त्याचा हात बसलेला. एका मिनिटात जोडतो. मग पाण्याच्या नळाचं चाक फिरवायचं.

अझीमनं कान लावला, कारण तोंडाचा आता काही उपयोग नव्हता.

“ज्ञानूदा, थांबा जरा. ह्ये काय?” बाईचा आवाज. तरुण, करडा. तेजस्वी, प्रयोगशाळेतली. वर्षभरापूर्वी लागलेली, कॉकला बोट फिरवून टँकर परत पाठवते म्हणून ड्रायव्हरांत तिचा दरारा.

“काय झालं, मॅडम?”

“कॉकमध्ये फडकं कोंबलंय! दुधाची गाडी आहे का भंगाराची? ओ ड्रायव्हर!”

“म्या न्हाय कोंबलं, मॅडम. सणाचं कुणीतरी बांधलंय,” कृष्णात. “रस्त्यात बी एक पावणा म्हणत हुता.”

“बांधलंय का आतून आलंय, दिसत न्हाय तुम्हाला? आधी ह्ये काढा, मग पाणी सोडा.”

“पाणी सोडतो की, आपसूक निघंल त्ये,” वरून ज्ञानू. “जोडलंय मी.”

गोळ्यात काहीतरी फुसफुसलं. नळीत राहिलेलं पाणी असेल. सदऱ्यातून गळून पत्र्याच्या भोकाशी सांडलं आणि अझीमच्या उघड्या पायावर आलं. पाय त्यानं झटकन आत घेतला. कातडी तेवढ्यात पोळली.

“थांबा म्हटलं ना!”

आणि रुमाल ओढला गेला. तिनं ओढला. हाताचे वेढे आवळले.

अझीमनं सगळा जीव मनगटात आणला आणि रुमाल परत ओढला.

बाहेर एक क्षण काही नाही.

मग तिनं पुन्हा ओढला, हळू, विचारल्यासारखा. अझीमनं ओढला.

तेजस्वी अशी किंचाळली, की छपरावरची कबुतरं उडालेली आतून ऐकू आली.

“चाक सोडाऽऽ! ज्ञानूदा, चाकावरचा हात काढाऽऽ! आत कोणतरी हाय!”

*

सीलची तार तोडली. चार नट. झाकण. वर आभाळ नव्हतं, पत्रा होता, पण अझीमला तो आभाळाएवढा उंच वाटला. त्या गोल उजेडात कृष्णातचं डोकं आलं.

“अझीम? आरं… चप्पल न्हवती की रं. आईशप्पथ, चाकाम्होरं चप्पल न्हवती.”

त्याला धरून खाली उतरवलं. तेजस्वीनं खुर्ची आणली, पाणी आणलं, मग थंड दूध आणलं. दुधाकडं पाहून अझीमनं मान फिरवली. फरशी तापलेली होती, आणि तो अनवाणी. कृष्णातनं स्वतःची चप्पल काढून त्याच्या पायांपुढं ठेवली. अझीमनं ती नुसती बघितली. पाय घातला नाही.

कृष्णातनं आपल्या मोबाइलवरून मौलाला फोन लावला आणि अझीमच्या कानाला धरला.

“कृष्णात, अझीम हाय का रं तुझ्यासंगं?” मौलाचा आवाज नेहमीसारखा, मागं पंपाचा फर्राटा. “कुठं उलथलाय कुणास ठाऊक. मी दुसऱ्या गाडीला वरनंच आत पाणी मारून घेतलं. आत उतरायची वेळ आली, आन् ह्यो गायब.”

“भाई,” अझीम म्हणाला. फुटक्या बासरीसारखा आवाज आला.

“आरं, हाईस व्हय! घसा काय झाला? आन् अनवाणी कुठं गेलास, बाबा? तुझी चप्पल हितं भितीला, सावलीत ठेवलीया. बायकांनी हळद-कुंकू बी लावलंय, नवरदेवागत.” मौला हसला. “मोबाइल बी त्यातच. नसरीनचे चार फोन येऊन गेले.”

“कवा बघितलीस चप्पल?”

“आलो तवाच. पावणेअकरा, अकरा.”

पावणेअकराला, अकराला टँकर हेर्ल्याच्या आसपास होता. कृष्णातचा फोन पहिल्या घंटेला उचलला गेला असता.

अझीमला विचारायचं होतं: मग शोधलं का नाहीस? चप्पल इथं, गाडी तिथं नाही, माणूस कुठं नाही, मग तुला कसं वाटलं नाही, की आतच असेल? त्यानं तोंड उघडलंही. सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती. कृष्णात रडायच्या बेतात होता, ज्ञानूचा हात अजून हवेतच होता, त्या चाकाच्या आकाराचा.

“काय म्हणतोस?” मौलानं विचारलं.

“काय न्हाय,” अझीम म्हणाला. “येतो.”

सकाळी सव्वादहाला, चप्पल काढायच्या आधी, त्यानं मौलाला फोनवर सांगितलं होतं, “तू येईस्तोवर मी आत उतरत न्हाय.”